जुळ्या कोकरांचा हिशेब : सुंदरबनातील गॅरोल ते फलटणची नारी सुवर्णा

कोलकात्यातील फोर्ट विल्यमच्या तटाबाहेर पसरलेल्या मैदानावर आजही शेळ्या-मेंढ्यांचे कळप चरताना दिसतात. एका बाजूला लष्कराचे पूर्व मुख्यालय, दुसऱ्या बाजूला चौरंगीची वाहतूक आणि मध्ये गवतात मान घालून उभी असलेली जनावरे. (या किल्ल्याला आता लष्कराने आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील किल्ल्यावरून 'विजयदुर्ग' हे नाव दिले आहे, मराठी वाचकाला हा योगायोग सुखावणारा वाटेल.) मात्र मेंढीपालनाच्या दृष्टीने या किल्ल्याचे महत्त्व वेगळेच आहे. 1792 व 1793 साली, फोर्ट विल्यम ही कंपनी सरकारची राजधानी असताना, कलकत्त्याहून निघालेल्या जहाजांतून बंगाली मेंढ्या ऑस्ट्रेलियातील सिडनीच्या नव्या वसाहतीत पोहोचल्या. वसाहतीला मांस हवे होते, एवढाच त्यामागचा हेतू. या ठेंगण्या, भरड लोकरीच्या मेंढ्यांबरोबर एक जनुकही समुद्रापलीकडे गेले, हे कळायला दोनशेहून अधिक वर्षे लागली. तेच जनुक आज सातारा जिल्ह्यातील मेंढपाळाच्या वाड्यात जुळी कोकरे जन्माला घालत आहे.

या लेखाचा विषय ते जनुक आणि त्याच्याभोवती लागणारे पैदास-व्यवस्थापन हा आहे. विस्तार कार्यकर्त्यांना अलीकडे वारंवार विचारला जाणारा प्रश्न असा : "जुळे देणारा मेंढा कुठे मिळेल?" प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. जन्मलेले जुळे आणि जगून बाजारात गेलेले जुळे यांत मोठे अंतर असते.

एका जनुकाचा प्रवास

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये कूमा गावाजवळ 'बुरुला' नावाच्या शेतावर मेरिनो मेंढ्यांचा एक कळप होता. मेरिनो बहुधा एकच कोकरू देते. या कळपात मात्र जुळी-तिळीच नव्हे, तर चार-पाच कोकरांची वेतेही होत. 1958 साली तेथील पाचाच्या वेतात जन्मलेला एक मेंढा सीएसआयआरओ या संशोधन संस्थेकडे आला आणि अभ्यासाला सुरुवात झाली. अनेक कोकरे होण्याचा गुण शेकडो जनुकांच्या बारीकसारीक परिणामांतून येतो, अशी तोवरची समजूत होती. 1980 च्या सुमारास शास्त्रज्ञांच्या लक्षात आले की बुरुला कळपात हे काम एकच मोठे जनुक करीत आहे. त्याला 'फेक-बी' असे नाव मिळाले. 2001 साली तीन वेगवेगळ्या संशोधक गटांनी जवळजवळ एकाच वेळी त्याचा ठाव लावला : मेंढीच्या सहाव्या गुणसूत्रावरील बीएमपीआर-1बी या जनुकात एका अक्षराचा बदल, आणि त्यामुळे प्रथिनातील 249 व्या स्थानी ग्लुटामिनऐवजी आर्जिनिन. त्यानंतर लगेच, 2002 साली, आठ देशांतील बहुप्रसव मेंढ्यांची डीएनए चाचणी प्रसिद्ध झाली. सुंदरबनातील गॅरोल मेंढीत हाच बदल आढळला. जहाजांच्या नोंदींवरून इतिहासाच्या अभ्यासकांनी बांधलेल्या तर्काला असा प्रयोगशाळेचा आधार मिळाला.

या बदलामुळे अंडाशयातील बीजपुटिका नेहमीपेक्षा लहान आकाराच्या असतानाच परिपक्व होतात. परिणामी एका माजात एकाऐवजी दोन-तीन स्त्रीबीजे सुटतात. जनुकाचे काम येथेच संपते. पुढे ती बीजे फळणे, गर्भ टिकणे, कोकरे पुरेशा वजनाची जन्मणे आणि जगणे या गोष्टी खुराक, आरोग्य आणि मेंढपाळाची नजर यांच्या हाती असतात.

गॅरोल ही भारतातील अगदी लहान मेंढ्यांपैकी एक आहे. प्रौढ मादीचे वजन साधारण 10 ते 14 किलो. खाडीकाठच्या दलदलीत, गुडघाभर पाण्यात उभी राहून ती चरते. आपल्या दख्खनी मेंढीचे वजन तिच्या दुपटीहून अधिक; पण दख्खनीच्या शंभर वेतांत जुळी जेमतेम दोन-चार. हे दोन गुण एकत्र आणावेत या विचाराने फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने (नारी) 1990 च्या दशकात गॅरोल मेंढ्या महाराष्ट्रात आणल्या. श्री. बनबिहारी निंबकर यांनी 1968 साली स्थापन केलेल्या या संस्थेत डॉ. चंदा निंबकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम नेटाने चालविले. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा डीएनए चाचणीसाठी, तर ऑस्ट्रेलियातील न्यू इंग्लंड विद्यापीठ पैदासशास्त्रासाठी सहभागी झाले.

संकरातील अडचण उघड होती. अर्धे रक्त गॅरोलचे आले की कोकराचा आकारही लहान होतो, आणि बाजारात व्यापारी पाठीवरून हात फिरवून वजनाचेच पैसे देतो. म्हणून प्रत्येक पिढीत पुन्हा दख्खनी किंवा अन्य मोठ्या जातीशी संयोग करून गॅरोलचा अंश अर्ध्या-अर्ध्याने घटवत न्यायचा आणि रक्तचाचणीने ते एक जनुक मात्र निवडून राखायचे, अशी पद्धत अवलंबिली गेली. दख्खनी (लोणंद), गॅरोल, म्हैसूरकडील बन्नूर आणि इस्रायलमधील अवासी यांच्या संकरातून 'नारी सुवर्णा' हा वाण तयार झाला. जनुकाची एक प्रत असलेल्या मेंढ्यांत एका वेतात सरासरी दीडच्या आसपास जिवंत कोकरे मिळतात. राजस्थानातील अविकानगर येथील केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने याच तत्त्वावर गॅरोल, मालपुरा व पाटणवाडी यांच्या संकरातून 'अविशान' विकसित केली आहे.

मेंढ्याकडून काय अपेक्षा करावी

येथे सर्वांत मोठा गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. वाहक मेंढा कळपात सोडला म्हणून त्या हंगामात जुळी होत नाहीत. किती स्त्रीबीजे सुटणार हे मेंढीच्या अंडाशयात ठरते, नराच्या वीर्यात नव्हे. मेंढ्याचा गुण त्याच्या मुलींमध्ये दिसतो. आज मेंढा आणला, पाच महिन्यांनी कोकरे झाली, त्यांतील माद्या वाढून माजावर आल्या, फळल्या आणि व्याल्या, म्हणजे पहिले जुळे दिसेपर्यंत दोन वर्षे जातात. ही गोष्ट खरेदीच्या वेळी स्पष्ट न सांगितल्यामुळे पहिल्याच वेतानंतर चांगला नर खाटकाला गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. दोष मेंढपाळाचा नव्हता. त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

दुसरी गोष्ट, जुळ्यात जन्मलेला नर म्हणजे वाहक नर नव्हे. एकेरी वाहक मातेच्या निम्म्याच पिल्लांत जनुक उतरते, आणि जुळ्यांपैकी कोणात ते आले हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. त्यामुळे नराची डीएनए चाचणी झाल्याचा कागद हाती घेतल्याशिवाय खरेदी करू नये.

दोन्ही प्रती असलेला (दुहेरी वाहक) नर साध्या दख्खनी माद्यांना दिला, तर त्याच्या सर्व मुली एकेरी वाहक होतात. चाचणीचा खर्च वाचतो, कारण कोणती मुलगी वाहक हा प्रश्नच उरत नाही. एकेरी वाहक नर दिला, तर निम्म्या मुलींत जनुक येते आणि प्रत्येकीची चाचणी करावी लागते. पहिल्या पिढीसाठी दुहेरी वाहक नर उत्तम. पण तोच नर, किंवा दुसरा दुहेरी वाहक नर, त्या मुलींवर पुन्हा सोडला की निम्म्या नाती दुहेरी वाहक निघतात, आणि तेथे फायद्याचे गणित बिघडते. दुसऱ्या प्रतीमुळे आणखी स्त्रीबीजे सुटतात, परंतु जगणाऱ्या कोकरांत त्या प्रमाणात भर पडत नाही. तिळी-चौळी होऊन लहान, अशक्त कोकरे वाढतात. कोरडवाहू चराईवर जगणाऱ्या कळपाला एकेरी वाहक मादीच परवडते. म्हणून वाहक मुलींवर जनुक नसलेला, पण वजनाने उत्तम असा दख्खनी नर द्यावा आणि बदलीच्या माद्यांची चाचणी करून वाहक तेवढ्या ठेवाव्यात. सख्ख्या मुलींवर बाप जाऊ नये यासाठी नर दर दोन वर्षांनी बदलावा, हे नव्याने सांगण्याची गरज नाही. तरी आळस होतो.

कोणते कोकरू मोजायचे?

कळपाची पुनरुत्पादन-क्षमता मोजताना बहुतेक जण जन्मलेली कोकरे मोजतात. मोजायचे ते वेगळेच : नराकडे सोडलेल्या दर मादीमागे दूध तोडण्याच्या वयापर्यंत, म्हणजे तीन महिने, जगलेली कोकरे आणि त्यांचे एकूण वजन. पुढील आकडे केवळ हिशेबाची रीत समजावी म्हणून कल्पिलेले आहेत.

समजा, 40 दख्खनी माद्या नराकडे सोडल्या, 36 व्याल्या, 37 कोकरे झाली आणि त्यांतील 33 तीन महिन्यांची झाली. सरासरी वजन 14 किलो धरले तर एकूण 462 किलो. आता 40 एकेरी वाहक माद्या घेऊ. व्याल्या 36 च. पण 18 एकेकी आणि 18 जुळी, म्हणजे 54 कोकरे. जुळ्यांचे वजन कमी राहते. ते 11 किलो धरू. नीट सांभाळ झाला आणि एकेकींपैकी 16 व जुळ्यांपैकी 32 जगली, तर 224 अधिक 352, म्हणजे 576 किलो. सांभाळात कसर राहिली आणि जुळ्यांपैकी 22 च जगली, तर 224 अधिक 242, म्हणजे 466 किलो. कोकरे 17 जास्त जन्मली आणि जिवंत वजन वाढले अवघे 4 किलो! त्यात 36 गाभण मेंढ्यांना शेवटचे 45 दिवस रोज पाव किलो खुराक दिला असेल, तर तोच 405 किलो होतो. आपल्या बाजारातील जिवंत वजनाचा व खाद्याचा दर या दोन्ही उदाहरणांत घालून पाहावा. जुळे देणारा वाण काही मेंढपाळांना भरभराटीचा आणि काहींना डोकेदुखीचा का वाटतो, याचे उत्तर तेथे मिळेल.

संयोगापूर्वीचे आठ आठवडे

पावसाच्या सुरुवातीला, जून-जुलैत, हिरवा चारा येताच दख्खनी मेंढ्या मोठ्या संख्येने माजावर येतात. दख्खनी वर्षभर माजावर येऊ शकते. त्यामुळे नर कायम कळपात ठेवण्याची रीत पडली आहे. परिणामी वेते वर्षभर विखुरतात, कोणती मेंढी कोणत्या नराला फळली याचा पत्ता राहत नाही, आणि भर उन्हाळ्यात जुळी जन्मली की मातेच्या कासेत दूध नसते. जुळ्यांच्या कळपाला ठरावीक संयोग-हंगाम हवाच. नर वेगळा ठेवणे शक्य नसेल तर त्याच्या पोटाखाली जाड कापडाचा पडदा बांधावा आणि हंगामापुरताच तो सोडावा. माजाचे चक्र सरासरी 17 दिवसांचे असते. 45 ते 50 दिवसांच्या हंगामात प्रत्येक मादीला किमान दोन संधी मिळतात. एका प्रौढ नरामागे 30 ते 40 माद्या, तरुण नरामागे 20 पुरेत.

नराच्या छातीला रंग लावण्याची युक्ती स्वस्त आणि फार उपयोगी आहे. पहिले 17 दिवस पिवळा रंग तेलात कालवून लावावा, पुढील 17 दिवस गेरू. मादीच्या पाठीवर उमटलेली खूण संयोगाची तारीख सांगते. पिवळ्या खुणेच्या बऱ्याच माद्यांवर पुन्हा गेरू उमटू लागला, तर त्या फळल्या नाहीत असे समजावे आणि प्रथम नरावर संशय घ्यावा. मेंढ्यात शुक्रजंतू तयार होऊन बाहेर पडण्यास सुमारे दोन महिने लागतात. एप्रिल-मेमधील उपासमार किंवा ताप यांचा परिणाम जूनच्या वीर्यात दिसतो. म्हणून नराचा खुराक संयोगाच्या आठ आठवडे आधी सुरू व्हावा. वृषण हाताळून ते घट्ट, सारख्या आकाराचे व गाठीविरहित आहेत का हे त्याच वेळी पाहावे.

मादीला संयोगापूर्वी दोन-तीन आठवडे रोज 200 ते 250 ग्रॅम खुराक दिल्यास माज स्पष्ट येतो व गर्भधारणा सुधारते. पाठीच्या कण्यावर बोट फिरवून हाडे टोचत असतील तर ती मादी या हंगामात मागे ठेवणेच बरे. वाहक मादी हाडकुळी असली तरी जनुक आपले काम करते. दोन गर्भ पोसण्याची ताकद मात्र तिच्यात नसते.

शेवटचे सहा आठवडे

मेंढीचा गाभणकाळ सुमारे 150 दिवसांचा. कोकराच्या जन्मवजनापैकी जवळजवळ सत्तर टक्के वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. याच काळात दोन गर्भांनी पोट भरलेले असल्यामुळे चारा मावत नाही. चरून पोट भरलेले दिसते, ऊर्जा मात्र अपुरी पडते. अशा वेळी दख्खनी मेंढपाळाला फारसा परिचित नसलेला एक आजार उद्भवतो. मेंढी कळपाच्या मागे पडते, खाणे सोडते, दिसत नसल्यासारखी अडखळते, मान एका बाजूला टाकते आणि तोंडाला गोडसर वास येतो. हा गाभणकाळातील कीटोसिस. जंत किंवा विषबाधा समजून भलतेच उपचार केले जातात आणि दोन दिवसांत माता व दोन्ही गर्भ जातात. आरंभीच ओळखल्यास गुळाचे पाणी पाजून तातडीने पशुवैद्यकास बोलवावे. मात्र रोजचा पाव किलो खुराक हाच येथे खरा उपचार आहे. गर्भधारणेनंतर 45 ते 90 दिवसांच्या दरम्यान सोनोग्राफीची सोय मिळाली तर जुळी असलेल्या माद्या वेगळ्या काढून केवळ त्यांनाच खुराक देता येतो आणि 405 किलोंतील बराच भाग वाचतो.

जन्मानंतर पहिले सहा तास निर्णायक असतात. पहिले कोकरू उठून पिऊ लागते. माता त्याला चाटत राहते आणि दुसरे मागे थंड पडते. दोन किलोच्या कोकराला या वेळात किमान 100 मिलिलिटर चीक मिळालाच पाहिजे. मातेचा अपुरा असेल तर त्याच दिवशी व्यालेल्या दुसऱ्या मेंढीचा काढून पाजावा. नाळेला टिंक्चर आयोडीन लावावे. मेंढ्यांबरोबर चार-दोन शेळ्या ठेवण्याची धनगरांची जुनी पद्धत येथे कामी येते. दुसऱ्या कोकराला दुभत्या शेळीला लावले की ते सहसा तरते. फिरत्या वाड्यात अडचण अर्थातच अधिक. घोड्याच्या पाठीवरील सामानात दोन-तीन कोकरांची जागा असते, वीस जुळ्यांची नसते. ज्यांचा वाडा दिवाळीनंतर कोकणाकडे उतरतो, त्यांनी वेते प्रस्थानापूर्वी किमान तीन आठवडे संपतील असा संयोगाचा काळ ठरवावा, किंवा वाहक माद्या मूळ गावी ठेवून बाकीचा कळप न्यावा. दोन्ही जमत नसेल तर हा वाण घेऊ नये, असे मी स्पष्ट सांगतो.

चिलटांचा हंगाम

कीटकशास्त्राचा विद्यार्थी म्हणून एका बाबीकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. पैदाशीच्या चर्चेत कीटकांचा उल्लेख क्वचितच होतो. महाराष्ट्रात 1964 साली नोंदविला गेलेला नीलजिव्हा (ब्लूटंग) हा मेंढ्यांचा रोग क्युलिकॉइडिस जातीच्या, जेमतेम दीड-दोन मिलिमीटरच्या चिलटांमुळे पसरतो. ओलसर माती आणि शेणमिश्रित चिखल ही त्यांच्या अळ्यांची जागा. सायंकाळपासून पहाटेपर्यंत माद्या चावतात. पावसाळा ओसरताना त्यांची संख्या वाढते.

आता तारखा जुळवून पाहू. 1 जुलैला फळलेली मेंढी नोव्हेंबरअखेर विते. म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबर या चिलटांच्या भरात ती गर्भाच्या सर्वाधिक वाढीच्या टप्प्यात असते. रोग झाल्यास ती गाभ टाकते किंवा अशक्त कोकरे देते. जुळी असतील तर नुकसान दुप्पट. नराला ताप आला तर त्याचे वीर्य पुढील दोन महिने भरवशाचे राहत नाही, आणि ऑक्टोबरमध्ये दुसरा संयोग-हंगाम घेणाऱ्यांना त्याचा फटका बसतो. पाच विषाणू-प्रकारांवरील निष्क्रिय लस भारतात उपलब्ध आहे. ती गाभण असताना आठवण होऊन टोचण्यापेक्षा संयोगापूर्वी, मे महिन्यात, द्यावी. वर्धक मात्रेसाठी पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा.

लसीइतकेच जागेकडे लक्ष हवे. पावसाळ्यात जाळी लावून मेंढ्या बसवताना ओढ्याच्या काठची, पाणी साचलेली जागा टाळून वाऱ्याचा उंचवटा निवडावा. चिलटे दुबळी उडणारी असतात, वाहत्या वाऱ्यात त्यांना चावता येत नाही. हौदाभोवतीचा चिखल आठवड्यातून एकदा खरवडून वाळवावा. सायंकाळी कडुनिंबाचा धूर करण्याची रीत आहे. त्याने काही वेळ आराम पडतो, रोग मात्र थांबत नाही. गाभण माद्यांना आणि पैदाशीच्या नराला सूर्यास्तापूर्वी निवाऱ्यात घ्यावे. जागा थोडी असेल तर आधी नराला, कारण तो एकटा चाळीस माद्यांच्या वेतांचा धनी असतो.